आधी ऐका, मग बोला!

आकाशात ना सिग्नलचे खांब असतात, ना चौकात शिट्टी फुंकणारा हवालदार. तिथं विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो वैमानिकाच्या कानातला आवाज. हा आवाज नीट ऐकला नाही, किंवा ऐकून भलताच अर्थ लावला, तर काय होतं हे दिल्लीजवळच्या हरियाणातल्या शेतांनी पाहिलंय. रेडिओवर बोलण्याच्या शिस्तीची ही गोष्ट.

12 नोव्हेंबर 1996. दिवाळी नुकतीच आटोपली होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावरून सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग 747 जातीचं जंबो विमान उडालं. दहरानमार्गे ते जेद्दाहला निघालं होतं. विमानात 312 माणसं. त्यांतले बरेचसे आखाती देशांत नोकरीसाठी निघालेले भारतीय होते. कुणी सुट्टी संपवून परत निघालेला, कुणी पहिल्यांदाच घर सोडलेला.

त्याच वेळी कझाकस्तानातल्या चिमकेंटहून आलेलं इल्युशिन-76 हे विमान दिल्लीत उतरण्यासाठी खाली येत होतं. त्यात 37 माणसं होती. दिल्लीच्या हवाई नियंत्रकाने सौदी विमानाला 14 हजार फुटांपर्यंत चढायला सांगितलं होतं आणि कझाक विमानाला 15 हजार फुटांपर्यंत उतरायला. दोन्ही विमानं समोरासमोरून येणार, पण मध्ये एक हजार फुटांचं अंतर राहणार. रोजचाच मामला.

कझाक विमानाने 15 हजार फूट गाठल्याचं रेडिओवरून कळवलं. समोरून सौदी विमान येतंय, दिसलं की सांगा, असं नियंत्रकाने त्याला बजावलं. किती मैलांवर आहे, अशी उलट विचारणा झाली. नियंत्रकाने मैलही सांगितले. एवढं सगळं बोलणं झालं. पण कझाक विमान 15 हजारांवर थांबलंच नाही, ते खाली येत राहिलं. साडेसहा वाजून गेले, घड्याळाचा काटा सहा चाळीसवर आला आणि दिल्लीच्या पश्चिमेला सुमारे 100 किलोमीटरवर, चरखी दादरीच्या आभाळात दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 349 माणसांपैकी एकही वाचलं नाही. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन इतके जीव जाण्याची घटना त्याआधी जगात घडली नव्हती, आणि त्यानंतरही घडलेली नाही.

ऐकणारा एक, चालवणारा दुसरा!

या अपघाताची चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगाने केली. ठपका कझाक विमानावर आला. नेमून दिलेली उंची सोडून ते खाली उतरलं होतं. पण असं झालं कसं?

त्या विमानात रेडिओवर बोलण्यासाठी वेगळा माणूस होता. दिल्लीचं इंग्रजी तो ऐकणार आणि वैमानिकांना सांगणार. या रेडिओ-ऑपरेटरसमोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्रही नव्हतं. उंची पाहायची तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावायचं! म्हणजे ज्याच्या हातात विमान, त्याच्या कानात सूचना थेट पोचत नव्हती आणि ज्याच्या कानात सूचना, त्याच्या डोळ्यांसमोर विमानाची उंची नव्हती. शेवटच्या क्षणी चूक लक्षात आल्यावर विमान वर घेण्याची धडपड झाली, पण तोवर उशीर झाला होता. त्याचं शेपूट जंबोच्या डाव्या पंखाला जाऊन भिडलं.

दिल्लीची बाजूही लंगडीच होती. त्या काळी येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी जवळजवळ एकच हवाई वाट होती, कारण बाकीचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात. नियंत्रकाच्या पडद्यावर विमान कुठं आहे ते दिसायचं, पण किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. उंचीसाठी वैमानिकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. 15 हजार म्हणाला, म्हणजे 15 हजारच!

या दुर्घटनेनंतर दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार कामाला लागलं आणि टक्कर टाळण्याची आपोआप सूचना देणारं टीकॅस हे यंत्र प्रवासी विमानांना सक्तीचं झालं. मोठ्या विमानांची सोय झाली. पण छोट्यांचं काय?

दोन-चार आसनी विमानांची दुनिया

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जंबो येतं. पण दोन-चार आसनांची, एका इंजिनाची विमानंही याच आभाळात फिरत असतात. शिकाऊ मुलं-मुली, हौशी वैमानिक आणि खासगी मालक ती उडवतात. आपल्याकडे सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. त्यासाठी किमान 40 तास उड्डाण करावं लागतं.

दिल्लीकरांना ही छोटी विमानं नवी नाहीत. सफदरजंगच्या मकबऱ्याला लागून असलेला सफदरजंग विमानतळ इंग्रजांच्या काळात विलिंग्डन एअरफील्ड म्हणून ओळखला जायचा. 1928 साली सुरू झालेल्या दिल्ली फ्लाइंग क्लबची विमानं वर्षानुवर्षं तिथूनच उडाली. पुढे मोठी विमानं पालमला गेली आणि सफदरजंग छोट्या विमानांचा अड्डा बनला. 23 जून 1980 रोजी संजय गांधींचं विमान कोसळलं, तेही इथूनच उडालेलं. राजधानीच्या काळजाशी असलेल्या या विमानतळावरचं शिकाऊ उड्डाण सुरक्षेच्या कारणावरून या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं.

पण उडण्याची हौस थोडीच बंद होते? ती दिल्लीच्या आजूबाजूला पांगली. हरियाणात कर्नाल, भिवानी, नारनौल इथं छोट्या धावपट्ट्या आहेत. कर्नालच्या फ्लाइंग क्लबची विमानं डोक्यावरून जाताना पाहूनच कल्पना चावला नावाच्या मुलीला आभाळाचं वेड लागलं होतं. भिवानीची गोष्ट तर काळजाला चटका लावणारी. सौदी विमानाचे अवशेष ज्या जिल्ह्यात पडले, तो तेव्हाचा भिवानी जिल्हा. आज त्याच भिवानीच्या धावपट्टीवर मुलं विमान चालवायला शिकतात!

अशा छोट्या धावपट्टीची गंमत आणि धोका एकच. तिथं मोठ्या विमानतळासारखा सगळ्यांवर नजर ठेवणारा कारभार नसतो. जगभरातल्या हजारो छोट्या धावपट्ट्यांवर तर नियंत्रकच नसतो. मग कोण आधी उतरणार, कोण थांबणार हे ठरवायचं कसं? सोपं उत्तर आहे. प्रत्येकाने एकाच ठरलेल्या रेडिओ-लहरीवर आपण कुठं आहोत आणि काय करणार आहोत ते सांगायचं, इतरांचं ऐकायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. टीकॅससारखी यंत्रं या विमानांत बहुधा नसतातच. तिथं कान, डोळे आणि जीभ हेच टीकॅस!

एका आठवड्यातच दुसरा धडा

चरखी दादरीला बरोबर सात दिवस झाले होते. 19 नोव्हेंबर 1996. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या विमानतळावर नियंत्रक नव्हता. एक बीच-1900 जातीचं छोटं प्रवासी विमान उतरायला येत होतं. त्यात 12 माणसं होती. त्याच वेळी त्या धावपट्टीला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर दोन माणसं असलेलं एक किंग एअर विमान उभं होतं. त्याच्या मागे आपली पाळी येण्याची वाट पाहणारं आणखी एक छोटं विमान, चेरोकी.

येणाऱ्या विमानाच्या वैमानिकांनी शिस्तीत वारंवार आपला ठावठिकाणा सांगितला. शेवटी त्यांनी थेट विचारलं, धावपट्टीवरचं विमान थांबणार आहे की उडणार? किंग एअर गप्प. उत्तर दिलं ते मागच्या चेरोकीच्या फारसा अनुभव नसलेल्या वैमानिकाने, की आपण उड्डाणासाठी थांबलो आहोत. त्याच क्षणी प्रवासी विमानातल्या सूचना-यंत्राचा आवाज मध्ये आला आणि उत्तराचा काही भाग ऐकूच आला नाही. प्रवासी विमानाच्या वैमानिकांना वाटलं, किंग एअरच थांबतंय. त्यांनी आभार मानून सांगितलं की आम्ही तुमच्यासमोरून निघून जातो. ‘अहो, मी तो नव्हे’ असं कुणीच म्हणालं नाही. किंग एअर धावत सुटलं, दोन्ही विमानं चौकात भिडली आणि पेटली.

प्रवासी विमानातली माणसं बहुधा धडकेने गेली नव्हती. पण दार अडकलं. विमानतळावरचे लोक धावत गेले, दार उघडण्याचा आटापिटा केला, पण ते उघडलं नाही. दोन्ही विमानांतली सगळी 14 माणसं गेली. किंग एअरच्या वैमानिकांनी रेडिओवर लक्ष ठेवलं नाही आणि आजूबाजूला नीट पाहिलं नाही, हे अपघाताचं कारण चौकशीत पुढे आलं. चेरोकीच्या अर्धवट ऐकू आलेल्या उत्तराचीही त्यात नोंद झाली.

एका आठवड्यात दोन अपघात. एक 14 हजार फुटांवर, एक जमिनीवर. एक जगातल्या मोठ्या राजधानीजवळ, एक आडगावात. मूळ मात्र एकच. बोलणं झालं, पण समजणं झालं नाही!

बोलायचं तर कसं?

छोट्या विमानाच्या वैमानिकाला शिकवला जाणारा पहिला नियम म्हणजे आधी ऐकणं. रेडिओ हा टेलिफोन नव्हे. टेलिफोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, भांडूही शकतात. विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर बाकीच्यांना ऐकू येते फक्त किंचाळी. त्यामुळे लहर बदलली की थोडं थांबायचं, कुणाचं बोलणं चाललंय का ते पाहायचं. कुणी प्रश्न विचारला असेल तर त्याला उत्तर मिळू द्यायचं. चार माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, असं घरात मुलांना सांगतात. वर आभाळातही तेच.

दुसरा नियम, बटण दाबण्याआधी वाक्य मनात तयार हवं. ‘अं… म्हणजे… असं आहे की…’ म्हणत बसलं, तर तेवढा वेळ बाकी सगळ्यांची तोंडं बंद राहतात. वाक्याची घडी ठरलेली असते. कुणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठं आहात, काय करणार. समजा, एखादं सेसना विमान नियंत्रक नसलेल्या धावपट्टीकडे येतंय. त्याचा वैमानिक आधी त्या जागेचं नाव घेईल, मग स्वतःचं नाव, म्हणजे ‘व्हिक्टर टँगो’ने सुरू होणारी अक्षरं; भारतातल्या प्रत्येक विमानाची ओळख याच दोन अक्षरांनी सुरू होते. मग सांगेल, दक्षिणेला 10 मैल, दोन हजार फूट, उतरायला येतोय. शेवटी पुन्हा जागेचं नाव. ते कशाला? कारण आसपासच्या दोन-तीन धावपट्ट्या एकच लहर वापरत असतील, तर सुरुवातीचा शब्द निसटलेल्याला शेवटी तरी कळावं की हे आपल्या गावचं आहे की शेजारच्या.

मग धावपट्टीला समांतर उडताना, वळताना आणि शेवटी सरळ रेषेत उतरताना, प्रत्येक टप्प्यावर पुन्हा सांगायचं. उतरून धावपट्टी मोकळी केली, तेही सांगायचं. आपलं काम झालं म्हणून गप्प बसलं, तर मागून येणाऱ्याला काय कळणार?

काही वैमानिकांना एक वाईट खोड असते. लांबूनच विचारायचं, आसपास कुणी असाल तर कळवा! वाटतं सौजन्याचं, पण अमेरिकेच्या विमान-खात्याने ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. पाचजण आसपास असले तर पाचही एकदम बोलणार आणि कुणाचंच कळणार नाही. विचारण्यापेक्षा ऐका, आणि स्वतःचा ठिकाणा सांगा.

‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे!

सिनेमातले वैमानिक उठसूट ‘रॉजर’ म्हणतात. ‘ओव्हर अँड आउट’ही म्हणतात. खऱ्या वैमानिकाला त्याचं हसू येतं. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे ‘या बसा, आणि निघा’ म्हणण्यासारखं. ‘रॉजर’चा अर्थ एवढाच की तुमचं म्हणणं मला ऐकू आलं. पटलं की नाही, करणार की नाही, याचा त्यात पत्ता नसतो. करणार असेल तर ‘विल्को’. होकार असेल तर ‘अफर्म’, नकार असेल तर ‘निगेटिव्ह’. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’, आणि हे म्हणायला लाजायचं नाही.

उंची, धावपट्टी, उतरण्या-उडण्याची परवानगी अशी महत्त्वाची सूचना असेल तर नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. दुकानदार सुट्टे पैसे पुन्हा मोजून देतो ना, तसं. 19 फेब्रुवारी 1989 रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू जंबोला नियंत्रकाने इंग्रजीत ‘टू फोर झीरो झीरो’ म्हणजे 2400 फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. वैमानिकाने ‘टू’ हा ‘पर्यंत’ अशा अर्थाचा शब्द समजला आणि ‘ओके, फोर झीरो झीरो’ म्हणजे 400 असं उत्तर दिलं. ती चूक कुणी पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चार माणसं गेली. परत म्हणून दाखवणं हे अर्धंच काम. ते ऐकून तपासणं हे उरलेलं अर्धं.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो धावपट्टीवरच भिडली आणि 583 माणसं मृत्युमुखी पडली. तिथंही एका ‘ओके’चा चुकीचा अर्थ घेतला गेला होता, आणि दोघं एकदम बोलल्याने महत्त्वाची वाक्यं किंचाळीत बुडाली होती. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक आहे.

भिडस्तपणा महाग पडतो

आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारू नये असं वळण असतं. रेडिओवर हा भिडस्तपणा जिवावर बेततो. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाचं एक विमान न्यूयॉर्कवर बराच वेळ घिरट्या घालत होतं. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी सांगितलं, पण ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हे ठरलेले शब्द वापरले नाहीत. नियंत्रकांना परिस्थितीचं गांभीर्य कळलंच नाही. इंधन संपून विमान कोसळलं आणि 73 माणसं गेली.

‘मेडे’ हा शब्द ‘मला मदत करा’ या फ्रेंच बोलावरून आलाय. जीव धोक्यात असेल तर तो तीनदा उच्चारायचा. धोका गंभीर, पण अगदी प्राणांवर बेतलेला नसेल तर ‘पॅन-पॅन’. संकटासाठी 121.5 ही लहर जगभर राखून ठेवलीय. तिच्यावर गप्पा मारणं म्हणजे अग्निशमन दलाच्या दारात गाडी लावण्यासारखं!

रेडिओच बंद पडला तर? त्याचीही सोय आहे. विमानातल्या ट्रान्सपाँडर या यंत्रावर 7600 हा आकडा लावला की रडारवाल्यांना कळतं, याचा रेडिओ गेलाय. मनोऱ्यावरून दिव्यांची भाषा सुरू होते. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घाला. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका.

परीक्षा जिभेची

भारतात वैमानिक व्हायचं तर विमान चालवता येणं पुरेसं नाही. रेडिओवर बोलण्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. या परीक्षेत तोंडी प्रश्न असतात आणि उमेदवाराला खोटं-खोटं उड्डाण करत रेडिओवर बोलून दाखवावं लागतं. अनेक वर्षं ती दूरसंचार खात्याकडे होती. 2024 च्या भारतीय वायुयान अधिनियमाने हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपवलंय.

इंग्रजीचं काय? तेही मोजलं जातं. चरखी दादरीसारख्या अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने सहा पायऱ्यांची भाषा-कसोटी आणली. मार्च 2008 पासून परदेशी जाणाऱ्या वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांना किमान चौथी पायरी गाठणं आवश्यक झालं. इथं कॉन्व्हेंटचे उच्चार लागत नाहीत. मिनिटाला 100 शब्दांहून जास्त वेगाने बोलू नका, आकडे एकेक करून सांगा, स्पष्ट बोला, एवढंच अपेक्षित असतं. मराठी शाळेत शिकलेल्या मुला-मुलींनी म्हणूनच याचा धसका घेण्याचं कारण नाही. फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा सावकाश आणि नेमकं बोलणारा इथं सरस ठरतो.

सवय मात्र लावून घ्यावी लागते. घरी टेबलाशी बसून, हातात पेन धरून, वहीवर धावपट्टीचं चित्र काढून वाक्यं म्हणायची. आई-वडिलांपैकी एकाने नियंत्रक व्हावं! चुकलं तर ‘करेक्शन’ म्हणून चूक तिथल्या तिथं सुधारायची. चूक झाली यापेक्षा ती लपवली हे जास्त धोक्याचं.

आज चरखी दादरीच्या आभाळातून विमानं येत-जात असतात. त्यांची उंची पडद्यावर दिसते, समोर कुणी आलं तर यंत्र ओरडतं. पण भिवानीच्या धावपट्टीवर पहिल्यांदा एकट्याने विमान घेऊन निघालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडे यातलं फारसं काही नसतं. तिच्याकडे असतो एक रेडिओ आणि शिक्षकाने शंभरदा घोकून घेतलेला धडा. बटण दाबण्याआधी ती क्षणभर थांबते, ऐकते आणि मगच बोलते. तिचं घर तिची वाट पाहत असतं, आणि आभाळात असलेल्या प्रत्येकाचं घर त्याची.